दोन बोटे मोठा कोट

१

सकाळचा उजेड त्या खोलीत थेट येत नसे. समोरच्या उंच इमारतीच्या काचांवर तो आधी पडे, तिथे काही वेळ रेंगाळे, आणि मग कुणीतरी वापरून झालेले वस्त्र आपल्याला मिळावे तसा आमच्या खिडकीशी येई. आधी छताच्या कोपऱ्यातला ओलीचा डाग उजळला. मग कपाटाच्या दारावर कित्येक पाहुण्यांच्या किल्ल्यांनी पाडलेले ओरखडे. मग पाण्याचा जग, शेजारी पालथा पेला, त्याच्या कडेवर राहिलेला ओठांचा पुसट ठसा. तिथून उजेड जमिनीवर उतरला आणि दाराशी लावून ठेवलेल्या चपलांवरून हळूहळू सरकू लागला. मावशीच्या चपला मळक्या आणि कोरड्या होत्या, शेजारचा जोड नवा होता, आणि आईच्या चपलांच्या कडा ओल्या होत्या. त्यांच्यावर तो किंचित चमकला आणि पुढे खाटांकडे गेला. खाली वाहनांचा अखंड घोष चालू होता. मी उंबऱ्यावर उभा राहून हे सगळे पाहत होतो. इतका साधा, इतका निरुपद्रवी उजेड होता तो.

माझी खोली शेजारची. चहाला ये, म्हणून मावशीने भिंतीवर टकटक केली होती. पण चहा आलेला नव्हता.

"मी खाली सांगून आलेय," आई खाटेवर बसून म्हणाली. "येईल आता."

"तोवर कोट घालून दाखवायचा ना एकदा," ती म्हणाली.

ती म्हणजे माझी वहिनी. खरे तर मी तिला काय म्हणावे हे मला कळेनासे झाले होते. दादा गेल्यानंतर ती आमच्याच घरी राहिली. आईनेच पुढे विषय काढला. आणि येत्या महिन्यात आमचे लग्न व्हायचे होते. तेव्हापासून मी तिला वहिनी म्हणणे सोडले होते, तिने मला भाऊजी म्हणणे सोडले होते, आणि दुसरी हाक दोघांनाही सापडलेली नव्हती. त्या लग्नाच्या खरेदीसाठीच आम्ही या अफाट शहरात आलो होतो.

तिने कपाटातून कोटाचा खोका काढला, मांडीवर घेतला, फीत सोडली, दुकानाचा पातळ कागद बाजूला केला. मग तिचे हात थांबले.

खोक्यात कोट नव्हता. लॉजचा राखाडी रग होता. कोटाच्या बरोबर आकाराची घडी घालून, वर कागद पुन्हा नीट पसरून ठेवलेला.

सगळ्यांच्या आधी आई बोलली.

"चोर शिरला असणार," ती म्हणाली.

२

माझी मावशी आयुष्यभर रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत नोकरीला होती. छत्र्या, कवळ्या, एकदा तर वरातीत वाजवायचा अख्खा ढोल, असे काय काय लोक विसरून जातात आणि कसे परत मागायला येतात हे तिने पाहिले होते. दादा तिला 'फौजदार' म्हणायचा. दादा होता तेव्हा.

तिने पहिल्यांदा दाराची कडी पाहिली, मग मॅनेजरला वर बोलावले. मॅनेजरच्या पोटावर किल्ल्यांचा जुडगा लोंबत होता.

"चोरी? आमच्याकडे?" तो म्हणाला. "बाई, इथून टॉवेल जातात. पण ते गिऱ्हाइकं नेतात."

"या खोलीची दुसरी किल्ली?"

"ही काय कमरेला. बायको म्हणते, एक दिवस किल्ल्यांसकट जळणार तुम्ही."

"आज खालचं दार कधी उघडलंत?"

"रस्ता धुणारा टँकर आला तेव्हा. रोज तेव्हाच उघडतो, नाहीतर पाणी सगळं आत. मी पायपुसणी उचलत होतो. कोण आलं, कोण गेलं, माझं काही लक्ष नव्हतं."

"आणि चहा?"

"कसला चहा?"

मावशीने त्याला जायला सांगितले. माझ्या अंगावर मात्र काटा आला होता. पहाटेच्या अंधुकात कुणीतरी या दारापर्यंत चढून आले होते. तीन बायका झोपलेल्या असताना त्यांच्या उशापाशी उभे राहिले होते. आणि घाई न करता, शांतपणे, रगाची घडी घालत होते. ते हात माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

"हाच मॅनेजर," मी मावशीला बाहेरच्या बोळात म्हणालो. "किल्ली त्याच्याकडेच आहे."

"शहाणाच आहेस. चोराला कोट हवा असेल तर तो खोक्यासकट उचलेल. रग भरत बसेल का? रग भरणाऱ्याला खोका हलका लागू द्यायचा नव्हता. आपण घरी पोचेपर्यंत कुणाला कळू नये, एवढंच त्याला हवं होतं." ती थांबली. "हरवलेल्या वस्तूला घाई असते, बाळा. मुद्दाम ठेवलेल्या वस्तूला घडी असते. ही घडी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे खोलीतलंच कुणीतरी."

खोलीत तिघीच होत्या. मावशी स्वतः, आई आणि ती. मला जे वाटले ते मी मावशीला सांगितले नाही. कदाचित तिलाच हे लग्न नको असेल. तोंडाने सांगता येत नसेल, म्हणून नवऱ्या मुलाचा कोट नाहीसा केला असेल. ही भीती चोराच्या भीतीपेक्षा जुनी होती आणि माझ्या अधिक जवळची.

मावशीने तिला बोळात बोलावले आणि माझ्यादेखतच विचारले, "खरं सांग, तुला हे लग्न हवंय ना?"

"हवंय म्हणून तर कोट बघायला काढला, मावशी," ती म्हणाली. "नको असतं तर खोका बंदच राहू दिला असता ना?"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. मावशीने मान डोलावली. मग ती आत गेली, दाराशी वाकली, आईची एक चप्पल उचलली आणि तिच्या तळावरून बोट फिरवले.

"चल," ती परत येऊन मला म्हणाली. "दुकानात जाऊ."

३

ते दुकान म्हणजे उभे रचलेले एक गावच होते. आदल्या दिवशी आम्ही त्यात शिरलो तेव्हा थंड हवेचा आणि अनोळखी अत्तरांचा एक लोट अंगावर आला, आणि आम्ही चौघे नकळत एकमेकांच्या जवळ सरकलो. सगळीकडे आरसे. खांबांना आरसे, जिन्याला आरसे. जिकडे पाहावे तिकडून आपणच आपल्याकडे भेदरून पाहत आहोत. माथ्यावरून कुणीतरी न कळणाऱ्या भाषांत एकामागून एक घोषणा करीत होते.

"धर गं माझा पदर," मावशी आईला म्हणाली. "इथं हरवलीस तर मी निवृत्त झालेय, आधीच सांगून ठेवते."

आणि आई खरोखरच हरवली. अत्तरांच्या काउंटरपाशी ती आमच्या मागे होती. मी वळलो तेव्हा नव्हती. आम्ही तिघांनी तो मजला पालथा घातला. मी सरकत्या जिन्यावर उलटा धावलो. त्या अवधीत मला जे वाटले ते मी पूर्वी एकदाच अनुभवले होते: नदीच्या काठावर, दादाच्या कपड्यांपाशी. कपडे सापडले होते. दादा कधीच सापडला नव्हता.

शेवटी आई दुकानाच्या मागच्या बाजूला, सामानाच्या लिफ्टजवळच्या बाकावर बसलेली आढळली. डोळे लाल होते.

"अत्तर चढलं डोक्यात," ती म्हणाली. "एवढं घाबरायला काय झालं?"

त्यानंतर तिला जणू घाई सुटली. आम्हांला ती थेट कोटांच्या मजल्यावर घेऊन गेली आणि फार न पाहता एक जाड, काळसर लोकरी कोट काढला. मी तो ट्रायल रूमच्या बाहेरच्या तिहेरी आरशासमोर घातला. बाह्या बोटांवर आल्या. छातीवर दोन बोटे जागा उरली.

"यात नवरा-नवरी दोघंही मावतील," मावशी म्हणाली. नवरी माझ्यामागेच उभी होती. तिला हसू आले नाही, ती लाजली.

"पुढं भरेल अंगानं," आई म्हणाली. "शिवाय आत स्वेटर येईल."

तेवढ्यात उजव्या आरशात, माझ्या प्रतिबिंबाच्या पाठीमागे, दूर, एक माणूस पाठमोरा दिसला. अंगात पातळ शर्ट, हातात खोक्यांची चळत. त्याचा डावा खांदा उतरलेला होता. तो एका दाराआड गेला आणि आरशात पुन्हा नुसता मीच उरलो.

दादाचाही डावा खांदा उतरलेला होता. लहानपणी छपरावरून पडला तेव्हापासून. पण जगात खांदा उतरलेली माणसे पुष्कळ असतात. ओझ्याने कुणाचाही खांदा उतरतो. असे मी स्वतःला सांगितले आणि कोट काढून ठेवला.

आईने तो फिटिंगच्या काउंटरवर नेला. आमच्या घरात टेप कधी आलाच नाही. आई दोरीने माप घेई: छातीची एक गाठ, बाहीची एक गाठ, ज्याची त्याची दोरी वेगळी आणि ओळखीसाठी टोकाला रंगीत धागा. माझ्या दोरीला निळा, दादाच्या दोरीला लाल. सगळ्या दोऱ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेल्या. दादाची दोरीही तिथेच होती, ती उतरवायला कुणाचाच हात धजला नव्हता. आईने पिशवीतून दोरी काढून शिंप्याला दिली तेव्हा ती माझीच असणार हे मी गृहीत धरले. धाग्याचा रंग मी पाहिला नाही. संध्याकाळी तयार खोका घेऊन आम्ही लॉजवर आलो.

४

आता मावशीबरोबर त्याच रस्त्याने जाताना शहर मला वेगळे दिसत होते. कालपर्यंत तिथली माणसे आम्हांला पाहत नव्हती; आज प्रत्येक काचेमागे कुणीतरी उभे आहे असे वाटत होते. धुतलेला रस्ता अजून ओला होता. मावशी मध्येच थांबली आणि स्वतःच्या चपलेची कड पाहू लागली.

"काय गं?"

"काही नाही. लॉजच्या आतली फरशी कोरडी आहे. रस्ता ओला आहे. एवढंच."

चौकात गर्दी सिग्नलला अडून राहिली होती. मी मान वर केली.

आमच्यापुढे, गर्दीच्या पहिल्या रांगेत, तो कोट उभा होता.

तोच काळसर रंग, तीच जाड कॉलर. आत एक माणूस होता, पाठमोरा. कोट त्याला अगदी नेमका बसला होता. बाही मनगटाशी थांबली होती, पाठीवर एक सुरकुती नव्हती. सिग्नल सुटला. तो चालू लागला. पाऊल टाकताना टाच किंचित घासण्याची ती लकब दादाचीच होती. मी हाक मारू शकलो असतो. मावशीचा हात धरून दाखवू शकलो असतो. चार ढांगा टाकल्या असत्या तर त्याच्या खांद्याला हात लागला असता.

खांदा. मी त्याचे खांदे पाहिले.

ते सरळ होते. दोन्ही एका रेषेत, फळीवर ठेवल्यासारखे.

मला इतके हायसे वाटले की डोळ्यांत पाणी आले. तो नव्हता. कुणीतरी परका होता. असे कोट त्या दुकानात शेकड्यांनी टांगलेले होते. गर्दीने त्याला पोटात घेतले, आणि मी मावशीला एक शब्दही बोललो नाही.

"काय रे, घाम का फुटलाय तुला थंडीत?"

"भरभर चाललो म्हणून."

"भरभर? मुंगी पुढं गेली आपल्या," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

५

फिटिंगच्या काउंटरवरचा शिंपी तोंडात टाचण्या धरून बोलत होता. त्याला कोट लगेच आठवला.

"आठवणार नाही कसा? मी टेप काढला तर बाई म्हणाल्या, टेप नको, या दोरीवर घ्या. इतकी वर्षं कात्री चालवतोय, दोरीवर कोट पहिल्यांदाच बेतला." त्याने माझ्याकडे पाहिले. "पण या मुलाला तो मोठा होत असेल. दोरीवरचं माप अंगानं भरलेल्या माणसाचं होतं."

"दोरीच्या टोकाला धागा होता?" मावशीने विचारले. "कुठल्या रंगाचा?"

"लाल. आणि दोरी मजेदार होती. छातीची एक गाठ सोडलेली, तिचे वळ तसेच राहिलेले. दोन बोटं पुढं नवी गाठ मारलेली, अगदी ताजी."

मी काउंटरची कड धरली.

"आईने चुकून दादाची दोरी आणली," मी म्हणालो. "त्याच खिळ्याला असतात सगळ्या. चूक झाली, बस. कोट काय, दुसरा घेऊ. चल, मावशी."

मावशी हलली नाही. "आणखी काही करायला सांगितलं होतं त्यांनी?"

"खांदा," शिंपी म्हणाला. त्याने तोंडातल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या गादीत खोचल्या. "डाव्या खांद्यात चांगलं जाड पॅड घालायला सांगितलं. मी म्हटलं, बाई, मुलाचे खांदे तर सरळ आहेत. तर म्हणाल्या, तुम्ही घाला. मापाचं पॅड होतं ते. ज्याचा डावा खांदा उतरलाय त्यानं घातला, तर कोटात कुणाला ओळखूही येणार नाही."

६

आम्ही परतलो तेव्हा उजेड खोलीभर झाला होता आणि उघड्या खोक्यात पडला होता. आई खाटेवर तशीच बसलेली. ती रगाची घडी मोडून पुन्हा घालत होती, मोडून पुन्हा घालत होती. चहाचे नाव कुणी काढले नाही.

मावशी आईसमोर बसली. तिचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता.

"ताई, तू चहा सांगायला खाली गेली होतीस. मॅनेजरला कुणी चहा सांगितला नाही. तुझ्या चपला ओल्या आहेत, आणि ओल फक्त रस्त्यावर आहे. पहाटे कोट घेऊन तू बाहेर गेलीस. रग तू भरलास. हे मला सकाळीच कळलं होतं. कुणासाठी, ते कळत नव्हतं. ती दोरी दे बघू."

"कुठली दोरी?"

"ताई."

आईने पिशवीत हात घातला. दोरी बाहेर आली; टोकाला लाल धागा. मावशीने ती दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरली. जुन्या गाठीच्या जागी सुतळीला वेलासारखे वळ पडले होते. पुढे, दोन बोटे अंतरावर, नवी गाठ.

"मेलेल्या माणसाचं माप वाढत नाही, ताई," मावशी म्हणाली.

जिच्याशी माझे लग्न ठरले होते ती कपाटाला पाठ टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

"आपल्या गल्लीतल्या ट्रकवाल्यानं सांगितलं मला," आई म्हणाली. "या दुकानाच्या मागच्या दाराशी माल उतरवताना दिसला म्हणे. मी त्याला वेड्यात काढलं. पण लग्न ठरल्यावर झोप लागेना. म्हटलं, एकदा आपल्या डोळ्यांनी बघू, आणि तो नसला म्हणजे सुखानं अक्षता टाकू." तिने दोरी परत घेतली आणि बोटाभोवती गुंडाळू लागली. "काल लिफ्टपाशी समोरच उभा राहिला. पातळ शर्टात होता गं. या थंडीत. मी काय बोलणार? बोलायच्या आधी हातांनी दोरीच काढली. म्हटलं, उभा राहा सरळ. तर हसला. म्हणाला, मी कधी सरळ उभा राहिलोय?"

"आणि आणखी काय म्हणाला?" हे तिने विचारले. आवाज कोरडा होता.

"मी लग्नाचं सांगितलं. तर म्हणाला, मला नदीतच राहू दे. त्यांचं होऊ दे. म्हणाला, घरात माझा श्वास कोंडायचा." आईने पदर डोळ्यांना लावला. "मी कुणाला सांगणार नव्हते, पोरी. तुझं पुन्हा काही मोडू नये म्हणून. पण त्याला थंडीत कसं सोडू? पोटचा आहे."

"काठावरच्या कपड्यांचीही घडी घातलेली होती," मावशी स्वतःशीच म्हणाली. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण रडणाऱ्या घरात ते कसं बोलायचं?"

"पुरे झालं!" मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "आई, तुला भास झाला. गर्दी, ते आरसे, ते अत्तर. कुणीतरी हमाल असेल. तू रडलीस, त्याला दया आली, कोट मिळतोय म्हणून हो हो म्हणाला असेल. शहरात काय, कुणीही कुणाचाही मुलगा होतो. त्या ट्रकवाल्याचं काय ऐकतेस? दादा गेला. आपण सगळ्यांनी पाहिलं. तो गेला."

"आपण कपडे पाहिले," मावशी म्हणाली.

"लग्न महिन्यावर आलंय!"

हे वाक्य त्या खोलीत फार मोठे झाले. ते परत घेता येईना. मग कपाटापासून ती पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. काल आरशात जितक्या अंतरावर होती, तेवढ्याच अंतरावर.

"काल आरशात बघता बघता तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता," ती म्हणाली. "मी मागंच होते. मला वाटलं, कोट आवडला नाही. मी वळून पाहिलं, तर नुसतं हलणारं दार दिसलं."

मी खिडकीकडे पाहू लागलो.

"आई चुकू शकतात. त्यांचे डोळे भरलेले होते. ट्रकवाला चुकू शकतो. पण तुम्ही त्याच्या शेजारी झोपून लहानाचे मोठे झालात. तुम्ही म्हणाल ते मी खरं मानीन. तुम्ही नाही म्हणालात, तर आपण आजच दुसरा कोट घेऊ, आणि मी हा विषय जन्मात काढणार नाही."

तिची बोटे खोक्याच्या फितीला धरून होती. चौकातले ते सरळ खांदे मला दिसले, आणि त्यांतल्या डाव्या खांद्याखालचे ते जाड पॅड. एक शब्द पुरला असता. तिने तो माझ्या हातात आणून ठेवला होता, आणि त्यावर माझे सगळे पुढचे आयुष्य उभे होते.

"सांगा ना, भाऊजी," ती म्हणाली. "आरशात कोण होतं?"

कित्येक महिन्यांनी ती हाक आली होती. तिच्या तोंडून ती आपसूक निघाली, आणि तिलाही ते कळले. तिने ओठांवर हात ठेवला, पण शब्द मागे घेतला नाही.

खाली रस्त्यावर वाहनांचा घोष तसाच चालू होता.

"दादा," मी म्हणालो. "दादा जिवंत आहे."